न सांगणाऱ्या बाई

बाईंनी मला कधी ‘शाब्बास’ म्हटलं नाही. ‘चुकलीस’ असंही म्हटलं नाही. आपण काही विचारावं, काही करून दाखवावं, तर त्या मान जराशी कलती करून चष्म्याच्या वरून बघायच्या आणि म्हणायच्या, “हं. मग?” बस्स. पुढचं ज्याचं त्याने.

अमरावतीच्या बायकांच्या ट्रेनिंग शाळेत त्या आम्हाला मराठी कसं शिकवावं ते शिकवायच्या. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात त्या काहीच शिकवत नाहीत, अशी पहिले काही महिने आमची पक्की समजूत होती. माझी मैत्रीण शेवंता तेल्हाऱ्याची, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, “या बाईले काई येत नाई, म्हनून आपल्यालेच इचारते. पगार तिले अन् डोकं आपलं!”

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपूरहून सुटायचे. क्रमिक पुस्तकं पुण्याकडच्या भाषेत लिहिलेली असायची. शाळेत येणाऱ्या पोरी मात्र इथल्या, ‘मले’, ‘तुले’ म्हणणाऱ्या. या पोरींना त्या पुस्तकापर्यंत न्यायचं, हे आमचं काम ठरणार होतं. आम्ही स्वतः तरी तिथे कुठे पोचलो होतो? मी अकोटची. लग्न झालं आणि वर्षभरात नवरा एका नाटक मंडळीबरोबर निघून गेला. आधी सामानाच्या पेट्या उचलायला, मग म्हणे त्याला द्वारपालाचं काम मिळालं, आणि त्यानंतर काय मिळालं ते कळलंच नाही. मामाच्या घरी पडून राहण्यापेक्षा मास्तरीण होऊ, म्हणून मी या शाळेत आले होते. आल्याबरोबर एक गोष्ट केली. अकोटची बोली ट्रंकेच्या तळाशी घातली आणि पुस्तकासारखं बोलायला लागले. ‘मले’ तोंडातून निसटलं की स्वतःच्या जिभेचा राग यायचा.

बाई कोकणातल्या. लहानपणी लग्न झालेल्या, लहानपणीच विधवा झालेल्या, पुण्यात शिकून नोकरीच्या निमित्ताने आमच्याकडे आल्या आणि इथेच राहिल्या. बारीक चणीच्या, उंचीने शेवंताच्या खांद्याला लागतील एवढ्या. चालताना नेहमी भिंतीच्या कडेने चालायच्या. जणू रस्ता दुसऱ्या कुणाचा आहे. तासाला आल्या की खुर्चीवर आपली छत्री ठेवायच्या आणि स्वतः आमच्यात सतरंजीवर येऊन बसायच्या. आम्ही सगळ्या त्या छत्रीकडे तोंड करून बसलेल्या. मग कुणाला तरी ते अवघड व्हायचं आणि ती बोलायला लागायची. तसा तास सुरू व्हायचा.

जेवणाची त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. आमटीभातावर वाढलेल्या या बाई रोज ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खायच्या. ठेचा त्यांना अजिबात सोसत नसे. डोळ्यांतून धारा लागायच्या, नाक लाल व्हायचं, पण हात थांबायचा नाही. बोर्डिंगची स्वयंपाकीण एकदा कळवळून म्हणाली, “बाई, काहून जिवाले तरास देता? मी तुमाले भात टाकून देते.”

बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “नको. तुम्ही सगळ्या मजेत खाता आणि मला रडू येतं, म्हणजे काहीतरी मला अजून आलेलं नाही.”

तसंच त्यांच्या वऱ्हाडीचं. त्यांना ती बोलायची फार हौस, आणि ती त्यांना मुळीच येत नसे. वाटेल त्या शब्दाला त्या ‘ले’ जोडायच्या. “शेवंते, पाण्याले आणून राहा,” असं म्हणायच्या आणि अख्खं बोर्डिंग तोंडात पदर कोंबून हसायचं. एकदा शेवंताला हसू आवरलंच नाही. ती म्हणाली, “बाई, तुमी आपल्या पुन्यावानीच बोला. आमच्या भाषेचे हाल पाहावत नाई.”

बाईही हसल्या. पण दुसऱ्या दिवशी तासाला सतरंजीवर बसता बसता त्या सहज म्हणाल्या, “काल शेवंता हसली ना, तेव्हापासून मी ‘पाणी’ हा शब्दच काढलेला नाही. तहान लागली तर उठून स्वतः घेतलं. मी एवढी मोठी बाई. माझं असं झालं.”

 शेवंता खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत बसली. वाक्य पुरं करायची बाईंना गरज वाटली नाही, आणि आम्हालाही नाही.

पाठ बघायला त्या यायच्या तेव्हा मांडीवर सरकीची पिशवी असायची. कपाशीचं बी. गावात जिनिंगचे कारखाने, त्यामुळे सरकीला तोटा नव्हता. आम्ही सरावाच्या वर्गावर पाठ घ्यायचा आणि बाईंनी मागच्या कोपऱ्यात बसायचं. आम्ही एक वाक्य बोललो की सरकीचा एक दाणा उजवीकडे. मुलगी बोलली की एक दाणा डावीकडे. पाठ संपला की दोन्ही ढीग आमच्या हातात द्यायच्या आणि निघून जायच्या. माझ्या पहिल्या पाठाला एक हात ओसंडून वाहत होता, आणि दुसऱ्या हातात एवढेसे दाणे होते की मूठ मिटली तर सापडू नयेत. मी त्या पाठाची आठवडाभर तयारी केली होती. काय बोलायचं, कधी बोलायचं, सारं टाचणात लिहून काढलं होतं. टाचण म्हणजे पाठाची आखणी. ते आधी वरिष्ठांकडून तपासून घ्यावं लागे.

शेवंताने दोन्ही हातांतली सरकी एकत्र केली आणि म्हणाली, “माह्या पाठाची सरकी म्हशीले घातली त शेरभर दूध जास्त देईन.”

आणि खरोखरच बाई ती सरकी शेजारच्या गवळ्याच्या म्हशीला घालायच्या. आम्ही जसजशा कमी बोलायला लागलो तसतशी म्हैस वाळत चालली, असं शेवंता शपथेवर सांगायची.

हिवाळ्यात बाईंनी एक अचाट प्रकार केला. परकोटाच्या आत, मुसलमान वस्तीत मुलींची एक उर्दू शाळा होती. तिथल्या शिक्षिका, उस्तानीजी, आमच्या बाईंच्या मैत्रीण. आठवडाभर आम्ही सगळ्यांनी रोज सकाळी तिथे जायचं, पहिलीच्या वर्गात लहान मुलींच्या मागे बसायचं आणि उर्दू शिकायचं, असा हुकूम निघाला. कशासाठी, ते सांगितलं नाही. ते त्या कधीच सांगत नसत.

भाजीबाजारात याच उस्तानीजी आमच्याहून फर्डी वऱ्हाडी बोलायच्या, हे आम्ही ऐकलेलं होतं. पण वर्गात त्यांना मराठीचा एक शब्द कळेना. फळ्यावर त्यांनी एक होडी काढली. होडीच्या पोटाखाली एक टिंब दिलं की बे हे अक्षर, तीन दिली की पे, वर दोन दिली की ते. मला सगळ्या होड्या सारख्याच दिसायच्या. पाटीवर माझा हात आपोआप डावीकडून उजवीकडे पळायचा आणि उस्तानीजी टेबलावर पट्टी आपटायच्या. “उलटा! फिर उलटा!” समोरच्या चिमण्या पोरी वळून बघायच्या. मी अकोटच्या शाळेत पहिल्या नंबराने पास झालेली. तिथे मी पुढच्या मुलीच्या वेणीआड तोंड लपवून बसायला शिकले. नजरेला नजर भिडली नाही तर प्रश्न येत नाही, हे मला दुसऱ्याच दिवशी उमगलं. तिसऱ्या दिवशी मी पाणी प्यायला जाऊ का, असं खुणेने विचारायला लागले. मला तहान नव्हती. मला फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं.

आठवडा संपल्यावर बाईंनी एवढंच विचारलं, “कसं वाटलं?”

 शेवटी शेवंताच म्हणाली, “पोटात दुखून राहिलं होतं, बाई. खरंच दुखून राहिलं होतं. भायेर आली का थांबे.”

“हं. मग?”

शेवंता म्हणाली, “मंग काई नाई. आता एखांदी पोट्टी पोट दुखते म्हनली, त मी तिले खोटारडी म्हननार नाई.”

बाईंनी मान हलवली, छत्री उचलली आणि भिंतीच्या कडेने निघून गेल्या.

आता माझ्या परीक्षेच्या पाठाचं सांगते. त्या पाठावर माझं पास-नापास ठरायचं होतं. नापास झाले असते तर शिष्यवृत्ती बंद, बोर्डिंग बंद, आणि अकोटला मामाच्या ओसरीवर परत. मामीने माझी जागा तोवर धान्याच्या कणगीला दिली होती.

परीक्षक बाई नागपूरहून येणार होत्या. त्या मूळच्या पुण्याच्या, नुकत्याच या प्रांतात बदलून आलेल्या. चौथीच्या पुस्तकातला बाजाराचा धडा मला नेमून दिला होता. टाचण मंजूर झालेलं होतं. मुलींनी काय काय उत्तरं द्यायची तीसुद्धा मी त्यात लिहून ठेवली होती. ‘अपेक्षित उत्तर’ असा रकानाच असे.

सरावाच्या वर्गात गिरजा नावाची मुलगी होती. माळ्याची. भल्या सकाळी आईबरोबर भाजी विकून मग शाळेत यायची, कधी केसांत पालकाचं पान अडकलेलं असायचं. वर्षभरात ती वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. हजेरीलासुद्धा फक्त हात वर करायची.

परीक्षक बाई खुर्चीवर बसल्या. आमच्या बाई वर्गातही आल्या नाहीत. बाहेर व्हरांड्यात, दाराकडे पाठ करून बसल्या. मी सुरुवात केली. बाजारात काय काय येतं, असं विचारलं. ठरल्याप्रमाणे उत्तरं येत गेली. वांगी, मुळे, गाजरं.

आणि मागून एक आवाज आला. “सांबार.”

गिरजा उभी होती.

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. टाचणातलं अपेक्षित उत्तर ‘कोथिंबीर’ होतं. तिला थांबवायचं, शुद्ध शब्द सांगायचा, वर्गाकडून तीनदा वदवून घ्यायचा, असं मीच स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. मी तोंड उघडलं. पण गिरजा बसली नाही. वर्षभर साठवलेलं बोलणं तिच्या तोंडून बाहेर यायला लागलं.

“आमी अंधारातच सांबार तोडतो. माय ओल्या पोत्यात बांधते. परवा बाजारात माय चा प्याले गेली अन् एक गाय आली. आख्खं टोपलं खाल्लं तिनं. मायनं तिले मारलं. गायवाला भांडाले आला. मी रडली. मायले वाटलं मी सांबारासाठी रडून राहिली. पन मले वाटलं, आता त्या गाईचं दूध हिरवं निघन अन् तो गायवाला पुन्हा भांडाले येईन.”

वर्ग खळखळून हसला. गिरजाही हसली. मग दुसरी मुलगी उठली, तिच्या बकरीने वही खाल्ल्याचं सांगायला. मग तिसरी. मी दाराकडे पाहिलं. बाईंची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवरून काहीच कळत नव्हतं. थांबवू का चालू देऊ, याची एक खूण त्यांनी केली असती तर मी त्यांचे पाय धरले असते. त्यांनी वळून पाहिलंच नाही.

मी खडू खाली ठेवला आणि मुलींचं ऐकत राहिले. घंटा झाली तेव्हा धड्याचं पुस्तक उघडलेलंसुद्धा नव्हतं.

परीक्षक बाई वाईट नव्हत्या. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “पाठ झालाच नाही. मुली गावठी बोलत राहिल्या आणि तुम्ही ऐकत उभ्या. भाषेच्या शिक्षिकेने भाषा सुधारायची असते. आणि ते सांबर काय प्रकरण आहे? जंगलातलं जनावर भाजीबाजारात कुठून आलं? उद्या सकाळी हाच पाठ परत घ्या. नाहीतर मला नाइलाजाने नापास करावं लागेल.”

दुपार कशी गेली आठवत नाही. संध्याकाळी मी बाईंच्या खोलीत गेले. त्या चुलीशी बसून मिरच्या भाजत होत्या आणि नेहमीप्रमाणे डोळे गळत होते.

“बाई, उद्या काय करू?”

“तुला काय वाटतं?”

वर्षभर ऐकलेला हा असला प्रश्न त्या दिवशी माझ्या डोक्यात गेला. मी ओरडलेच.

“मले काय वाटते ते गेलं चुलीत! तुमचं काय जाते, बाई? तुमी पाठ करून बसल्या. नापास मी होईन. मामाच्या घरी मले जा लागन. एक डाव, फक्त एक डाव सांगा ना मले काय करू ते! तुमाले सांगता येत नाई का सांगाचं नाई?”

 बाईंनी तवा खाली उतरवला. मिरच्या जळाल्या होत्या.

“वर्षभरात पहिल्यांदा तू माझ्याशी तुझ्या बोलीत बोललीस,” त्या म्हणाल्या. मग चुलीतलं लाकूड मागे ओढत, “मला सांगता येतं. आत्ता सांगते हवं तर. तू तसं करशील आणि पासही होशील. पण तो पाठ माझा असेल. पुढे तुला धारणीच्या जंगलात टाकतील, नाहीतर आणखी कुठे. तिथे असं काहीतरी होईल आणि तू मागे वळून बघशील. तिथे व्हरांड्यात कोणी नसेल. मी दाराकडे पाठ केली ती तुझा राग म्हणून नाही. दाराकडे तोंड असतं तर मला राहवलं नसतं. मी मान हलवली असती.”

हे सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्या दिवशी मला कळलं की व्हरांड्यात बसणं त्यांनाही सोपं गेलं नव्हतं.

त्यांनी माझ्यापुढे भाकर ठेवली. “खा. आणि मला सांग, परीक्षक बाई चिडल्या कशाने?”

“अशुद्ध बोलली गिरजा, म्हणून.”

“तेवढ्यानेच?”

मी घास चावत राहिले. आणि मला त्यांचं ते ‘सांबर’ आठवलं. खुर्चीवर ताठ बसलेल्या, पेन्सिल थांबलेली, सगळा वर्ग हसतोय आणि आपल्याला कळत नाही की कशाला. तसा चेहरा मी कुठे तरी पाहिला होता. पाहिला कसला, मी तो स्वतः धारण केला होता, त्या उर्दूच्या वर्गात.

“बाई, त्यांना कळलंच नाही!” मी म्हणाले. “गोष्ट कळलीच नाही त्यांना. सगळ्या हसत होत्या आणि त्या एकट्या...”

“हं. मग?”

मी काय करायचं ठरवलं ते त्यांना सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. “नको. मला उद्याच कळू दे.”

दुसऱ्या दिवशी टाचण मी टेबलावर पालथं ठेवलं. मुलींना म्हटलं, “काल गिरजाने गोष्ट सांगितली. आपल्याला मजा वाटली. पण आपल्या पाहुण्या बाई लांबच्या गावच्या आहेत. त्यांच्या गावात सांबार हा शब्दच नाही. त्यांना ती गोष्ट कळली नाही. पाहुण्यांना असं उपाशी ठेवायचं का गोष्टीवाचून? त्यांना समजेल अशी कोण सांगेल?”

गिरजा उठली. थेट परीक्षक बाईंच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली, आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसं मोकळेपणाने म्हणाली, “तुमच्याकडे त्याला कोथिंबीर म्हणतात. कॅम्पातल्या बंगल्यावरच्या बाई कोथिंबीरच मागतात.” आणि पुढे सगळी गोष्ट तिने सांगितली. ‘मले’चं ‘मला’ झालं. ‘निघन’चं ‘निघेल’ झालं. कुठे अडली की वर्गातून कुणीतरी शब्द सुचवायचं, दोन शब्द आले तर मुली आपसांत वाद घालायच्या की पाहुण्या बाईंना कुठला कळेल. पुस्तकातला धडा मी मग उघडला, तेव्हा मुलींनी तो असा वाचला, जणू लांबच्या कुणीतरी त्यांना आपल्या बाजाराची हकिकत सांगितली होती.

त्याआधी गोष्टीत दूध हिरवं निघण्याची जागा आली, तेव्हा परीक्षक बाई पदर तोंडाला लावून हसल्या. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “मग? निघालं का ग हिरवं?”

“नाही,” गिरजा म्हणाली. आणि लगेच, “पन ते गाय आता रोज आमच्या मांगं येऊन राहिली.”

या वाक्याचा अर्थ परीक्षक बाईंना कुणाला सांगावा लागला नाही.

मी पास झाले. वर्गात गोंगाट फार, असा शेरा मिळाला आणि गुण काठावरचे. आमच्या बाईंबद्दलही वर काहीतरी लिहून गेलं असावं, कारण पुढच्या वर्षी त्यांची अकोल्याला बदली झाली, आणि तिथे त्यांना ट्रेनिंगच्या वर्गाऐवजी मुलींच्या शाळेतला साधा वर्ग मिळाला. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी पाठ संपल्यावर मी धावत त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “फळा पुसायचा राहिला तुझा.” पण संध्याकाळी त्यांनी स्वतः चुलीशी बसून सगळ्या बोर्डिंगला पुरेल एवढा शिरा केला. कशानिमित्त, असं स्वयंपाकिणीने विचारलं, तर म्हणाल्या, “रवा जुना होत होता.” रवा तर शेवंताने त्याच दुपारी दुकानातून आणून दिला होता.

मला खरोखरच धारणीच्या बाजूला टाकलं. बैलगाडीने जाताना हाडं खिळखिळी झाली. कोरकू आदिवासी पोरं, त्यांना मराठी येत नाही आणि मला कोरकू येत नाही. पहिल्या दिवशी वर्गात उभी राहिले आणि काही सुचेना तेव्हा खरंच मागे वळून पाहिलं. दारात एक शेळी उभी होती. मग मी पोरांमध्ये खाली बसले, पाण्याच्या घड्याकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. त्यांनी मला त्यांचा शब्द सांगितला. मी तो इतका वाईट उच्चारला की सगळी लोळून हसली. चला, म्हटलं, सुरुवात तर झाली.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझी बदली अकोल्याला झाली. बाई तेव्हा निवृत्त होऊन भाचीकडे राहत होत्या. मी गेले तेव्हा भाचीने दारातच सांगितलं, “अर्धांगाचा झटका आला त्यांना. उजवी बाजू गेली, आणि वाचा पण. ओळखतात, पण बोलता येत नाही. डॉक्टर म्हणतात, आता येईल तेवढंच.”

बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. आधीच लहान, आता तर उशीत बुडालेल्या. मला पाहिल्यावर डोळ्यांत ओळख उमटली. त्यांनी ओठ हलवले. घशातून नुसता आवाज आला.

भाची लगेच पुढे झाली. मनाने चांगली होती बिचारी, रात्रंदिवस करत होती. “पाणी हवंय? ... नाही? उशी सरकवू? ... खिडकी लावू का? ऊन येतंय का डोळ्यांवर?” प्रत्येक प्रश्नाला बाई डोळे मिटून घ्यायच्या, आणि पुन्हा उघडले की ओठ पहिल्यापासून जुळवायला लागायच्या. भाची पुन्हा विचारायची. बाईंच्या कपाळावर घाम आला होता. भाची माझ्याकडे वळून कुजबुजली, “असंच करतात. काय हवंय ते कळतच नाही हो. मग रडतात.”

मी तिला म्हटलं, “आपण जरा गप्प बसू या का?”

ती संकोचून मागे झाली. मी खाटेशी जमिनीवर बसले आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मला दोन-तीनदा वाटलं की शब्द ओळखता येतोय. सुचवावा, सोडवावं त्यांना. मी दात घट्ट मिटून धरले. बाहेर टांगा गेला. शेजारी कुणीतरी धुणं आपटत होतं. बाईंची जीभ एका अक्षरापाशी अडायची, मागे जायची, पुन्हा यायची. त्यांचा डावा हात गोधडीवर उघडमीट करत होता. मी त्या हाताला हात लावला नाही.

“जे...”

भाची पुढे सरकली. मी मान हलवली आणि ती थांबली.

“जे... व...”

“त्यांना जेवायचंय!” भाची हळूच म्हणाली. “पण आत्ता तर भरवलं...”

बाईंनी डोळे मिटले. उघडले. माझ्याकडे, फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि अर्धं तोंड वाकडं होत असताना तो शब्द शेवटपर्यंत नेला.

“जेव... लीस?”

आम्ही दोघी समजत होतो की त्यांना काहीतरी हवंय. भाचीने तोंडावर हात ठेवला. त्यांनी एवढ्या कष्टाने विचारलेल्या प्रश्नाला रडून उत्तर देणं बरं दिसलं नसतं.

“नाही बाई,” मी म्हणाले. “सकाळची निघालेली आहे. भूक लागली.”

बाईंनी भाचीकडे पाहिलं. ती डोळे पुसत उठली आणि आत स्टोव्ह पेटवायला गेली.